परवानगीच्या खिडकीतला माणूस

मी या माणसावर जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे तुम्ही ओळखणारच आहात, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. थोडंथोडकं नाही, चांगली अकरा वर्षं जळत होतो, आणि या अकरा वर्षांत त्याने माझं काडीचंही वाईट केलं नाही. केलं असतं तर सोपं गेलं असतं. सरळ भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

'त्याने' म्हटलं खरं, पण वयाने तो माझ्यापेक्षा मोठा आणि कागदावर लिहितोय, तेव्हा आता 'ते' म्हणतो. मनातल्या मनात मात्र मी त्यांना कधी अहो-जाहो केलं नाही.

आम्ही दोघं एकाच वस्तुसंग्रहालयात नोकरीला होतो. पेठेतलं, खाजगी. एका हौशी माणसाने जन्मभर दारोदार फिरून गोळा केलेले अडकित्ते, दिवे, दौती, गंजिफा, लुगडी, स्वयंपाकाची भांडी असं सगळं तिथे होतं. मी तिथला छायाचित्रकार. वस्तूंचे फोटो काढायचे, धुवायचे, नोंदीला लावायचे, हे माझं काम. आणि बाहेरून येणाऱ्या कोणाला फोटो काढायचे असतील तर त्याला परवानगी द्यायची की नाही, हे त्यांचं काम. तिकिटांच्या खिडकीशेजारी दुसरी एक छोटी खिडकी होती, तिच्यात ते बसत. म्हणजे बघा, फोटो काढणारा मी आणि अडवणारे ते. पण गावातलं कोणीही आलं की पहिल्यांदा त्या खिडकीत डोकावून विचारायचं, "आहेत का?" मी समोरून कॅमेरा गळ्यात अडकवून जात असलो तरी माझ्याकडे कोणाचं लक्ष नसायचं.

'छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे' असा संस्थेचा जुना बोर्ड होता. त्याच्याखाली या गृहस्थांनी स्वतःच्या अक्षरात एक पुठ्ठा लावलेला होता, 'विचारून पाहावे.' दुपारी डबा खायला बसले की खिडकीला दुसरा पुठ्ठा लागायचा, 'जेवतो आहे. दहा मिनिटं थांबू शकाल का?' आता पुण्यात खिडकीवर बसलेला माणूस लोकांना थांबायला लावतो, थांबाल का असं विचारत नाही. लोक तो पुठ्ठा वाचून हसायचे आणि मुकाट्याने थांबायचे. मला त्याचाही राग यायचा.

त्यांचा परवानगीचा अर्ज म्हणजे एक प्रकरणच होतं. नाव, पत्ता, फोटो कशासाठी हवा, हे संस्थेचे तीन प्रश्न. त्याखाली त्यांनी दोन आपल्या पदरचे घातले होते. वस्तू कोणी दिली, त्यांना विचारलंत का? वस्तू कोणी घडवली, त्यांना विचारलंत का?

"अहो, शे-दीडशे वर्षांपूर्वीची समई आहे ही," माणसं वैतागायची. "घडवणारा कुठून आणू विचारायला?"

"ते मी बघतो. विचारायची तुमची तयारी आहे, एवढंच लिहा."

माणसं पिच्छा सुटावा म्हणून लिहून द्यायची. आणि हा मनुष्य संध्याकाळी सायकल काढून खरोखर शोधायला निघायचा. कसब्यात, शनिवारात, नदीपलीकडे, कुठे कुठे. कोणाची पणती सापडायची, कोणाचा चुलत पुतण्या. त्यांच्या दारात उभं राहून विचारायचं, "तुमच्या पणजोबांनी केलेल्या समईचा फोटो एका बाईंना काढायचाय. काढू देऊ का?"

एकदा मी त्यांना कायद्याच्या गोष्टी सांगायला गेलो. मला वाटलं, कारकून माणूस, याला काय ठाऊक असणार. तर त्यांनी खणातून कॉपीराइटच्या कायद्याची प्रत काढली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "असल्या जुन्या वस्तूवर कायद्याने कोणाचाही हक्क उरलेला नाही. कोणालाही विचारायची गरज नाही."

"मग कशाला हा उपद्व्याप?"

"कायद्याने लावलं म्हणून विचारलं, तर ते विचारणं कसलं? ती हजेरी झाली."

आणि प्रत परत खणात ठेवून दिली. वाद घालतील म्हणून मी चार मुद्दे तयार करून गेलो होतो, ते तसेच राहिले.

वस्तू देणाऱ्यांनी देताना काय काय म्हटलं, याची त्यांनी एक वही ठेवली होती. एका म्हातारीने आपल्या आईचं लग्नातलं लुगडं दिलं होतं. देताना म्हणाली होती, "पदराची ही बाजू कोणाला दाखवू नका हो." पदरावर कसलातरी डाग होता. कसला, ते तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. पुढे दिल्लीहून एक मोठे अभ्यासक आले, त्यांना नेमका तो डाग हवा होता. दोन दिवस वाद चालला. "पण त्या बाई आता हयातसुद्धा नाहीत," अभ्यासक म्हणाले. "म्हणूनच पंचाईत आहे," आमचे गृहस्थ म्हणाले, "असत्या तर आत्ता जाऊन विचारून आलो असतो." अभ्यासकांनी विश्वस्तांकडे तक्रार केली. विश्वस्तांनी तक्रार वाचली आणि यांना बोलावून चहा पाजला.

चहावरून आठवलं. या माणसाची खरी विक्षिप्त गोष्ट विचारणं ही नव्हतीच. विचारल्यावर जे उत्तर येईल ते तो अक्षरशः खरं धरायचा, ही होती. आपल्याकडे कोणी दुपारी दोन वाजता दारात आला तर "जेवूनच जा आता" असं म्हणायची पद्धत आहे, आणि "नको, पुन्हा कधीतरी" म्हणायचीही पद्धत आहे. हे गृहस्थ "बरं" म्हणून पाट मांडायच्या आधी बसायचे. आमच्या एका विश्वस्तांकडे असेच जेवले. घरात भाजी उरली नव्हती. बाईंनी लोणचं-पोळी वाढली. यांनी समाधानाने खाल्ली आणि जाताना म्हणाले, "तुम्ही आग्रह केलात म्हणून थांबलो." चेष्टा नाही, मनापासून. आणि कोणी तुटकपणे नाही म्हटलं तरी यांना राग नाही, खंत नाही, पुन्हा गळ घालणं नाही. नाही म्हणजे नाही. त्या माणसाशी बोलताना प्रत्येक शब्द जपून वापरावा लागे, आणि ते कोणाच्या लक्षातच यायचं नाही.

माझ्या बायकोला ते फार आवडायचे. माझ्या दुखण्याला इथून खरी सुरुवात झाली. एकदा काही कागद द्यायला ते आमच्या घरी आले. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मी काढलेला तिचा एक फोटो होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. त्यांनी तिला विचारलं, "हा बघू का?" ती म्हणाली, "बघा ना." मग त्यांनी चष्मा बदलला आणि चांगली दहा मिनिटं तो फोटो बघितला. फोटो मी काढलेला, आणि बघू का हे तिला विचारलं. मला विचारलं नाही. मी तिथेच बसलो होतो.

ते गेल्यावर ती म्हणाली, "किती मर्यादाशील माणूस आहे."

"भिंतीवर टांगलेला फोटो बघायला कसली परवानगी?"

"तुम्ही काढताना तरी विचारलं होतंत का मला?" ती म्हणाली. "केस ओले होते माझे."

चौदा वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि तिने हे आजवर म्हटलं नव्हतं. आता सांगा, मी या माणसावर जळू नये तर काय करावं?

आता घंगाळाबद्दल. संग्रहालयात तांब्याचं एक मोठं घंगाळ होतं, अंघोळीचं पाणी काढायचं. कोपऱ्यात, अंधारात पडलेलं. कोणी त्याच्याकडे बघायचं नाही. त्यावर मठारकाम होतं, म्हणजे हातोडीचे एकाला एक लागून मारलेले ठोके, तळापासून काठापर्यंत. त्याचा फोटो काढायला मी तीन दिवस घेतले. कौलातल्या काचेतून चारच्या सुमाराला उन्हाचा एक तिरपा पट्टा खाली यायचा, वीसेक मिनिटं टिकायचा. पहिल्या दिवशी ऊन फार कडक आलं. दुसऱ्या दिवशी ढग आले. तिसऱ्या दिवशी काचेखाली ट्रेसिंग पेपर बांधला आणि ते ऊन घंगाळावर आडवं घेतलं. प्रत्येक ठोका वेगळा दिसायला लागला. डार्करूममध्ये कागदावर ते घंगाळ हळूहळू वर आलं तेव्हा मी एकटाच होतो आणि मोठ्याने हसलो. त्यापेक्षा चांगला फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही.

कॅटलॉगमध्ये घालायच्या आधी यांचं सुरू झालं, घडवणाऱ्याला विचारायला हवं. फोटो हातात घेऊन निघाले कसब्यात, तांबटांच्या आळीत. मीही मागे लागलो. माझा फोटो एकटा त्यांच्याबरोबर पाठवायला माझं मन होईना.

एका कारखान्याच्या दारात उभे राहिले. आत चार हातोड्या चालू, कानठळ्या बसतील असा आवाज. "आत येऊ का?" यांनी विचारलं. कोणाला ऐकू जाणार? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

मी म्हटलं, "अहो, शिरा आत."

"अजून उत्तर आलेलं नाही," ते म्हणाले.

शेवटी एका हातोडीवाल्याने मान वर करून हात केला, तेव्हा आम्ही आत गेलो. म्हातारे तांबट मागे जमिनीवर बसलेले होते. त्यांनी फोटो मांडीवर घेतला. बोट ठेवून एकेक ठोका मोजत गेले. मग थांबले आणि आतल्या सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं. आळीतला तो आवाज थांबल्यावर कसं वाटतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"हे बघा," म्हातारे म्हणाले. "सात ठोके जोराचे, आठवा हलका. पुन्हा सात, पुन्हा हलका. आमच्या आज्याची सवय ती. हातोडी न थांबवता दम घ्यायचा. माझ्या बापाने शिकवताना सांगितलेलं, पण आज्याचं काम काही घरात राहिलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. आणि आमच्या गृहस्थांचा हात धरून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही आमचा आजा दाखवलात."

"मी नुसता आणला," ते म्हणाले. "काढला यांनी."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत त्यांच्याकडे वळून आज्याची दुसरी गोष्ट सांगायला लागले. हात त्यांचाच धरून. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून घंगाळ बघितलं तर तो आठवा ठोका जन्मात कोणाला दिसला नसता. तो माझ्या तिरप्या उजेडाने दिसला. आणि विचारायला कोण गेलं, तर ते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परतताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते आणि म्हणाले, "तुमचा फोटो फार चांगला आहे." मी म्हटलं, "हं."

पुढच्याच वर्षी एक कंपनी आली. तेव्हा हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, मधूनमधून ऊस होता आणि चकचकीत काचेच्या दारासमोर म्हशी बसलेल्या असायच्या. कंपनीकडून एक तरतरीत मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र. कॅटलॉग उलटत घंगाळापाशी थांबली.

"सर, हे अमेझिंग आहे. आमच्या रिसेप्शनची मेन वॉल रिकामी आहे. हीच इमेज हवी. भिंतभर. फॉरेनचे क्लायंट येतात ना, काहीतरी लोकल हवंय."

"खाली नाव येईल?" मी विचारलं. कितीही संकोच वाटला तरी विचारलं.

"अर्थात सर. स्टीलच्या पट्टीवर एक क्रेडिट लाइन असते."

मी रजा काढून ती भिंत बघून आलो. दोन मजले उंच होती. घरी येऊन कागदावर माझं नाव लिहून बघितलं. नुसतं नाव-आडनाव, मग वडिलांच्या नावासकट, मग इंग्रजी आद्याक्षरं घालून. वय वर्षे त्रेचाळीस आणि शाळेतल्या पोरासारखा वहीवर नाव गिरवत बसलो होतो. तोवर माझं नाव कुठेही छापून आलेलं नव्हतं. कॅटलॉगात 'संस्थेच्या संग्रहातून' एवढंच असायचं. संस्थेच्या वकिलांनी करार करताना मला समजावूनही सांगितलं की नोकरीत असताना काढलेला फोटो संस्थेचा असतो, तुमचा नाही, नाव घालतायत हे त्यांचं सौजन्य. मी म्हटलं, असू दे सौजन्य. भिंतीवर येतंय ना?

आणि आमचे गृहस्थ सायकल काढून निघाले. तांबटांनी होकार दिला होता तो कॅटलॉगसाठी. भिंतीसाठी दिला नव्हता.

म्हातारे तांबट म्हणाले, "लावा की भिंतीवर. पण खाली आमच्या आज्याचं नाव येऊ द्या. इतकी वर्षं तुम्ही नुसतं 'तांब्याचे घंगाळ, पुणे' लिहिताय."

आता त्यांचं काय चुकलं? काही नाही. तेव्हाही मला ते कळत होतं. कंपनीतल्या मुलीला फोन केला, दोन ओळी होतील का?

"सर, टेम्प्लेट ग्लोबल आहे. बंगलोर, हैदराबाद, सगळीकडे सेम. एकच लाइन बसते, आणि तीपण लहान."

आज्याचं पूर्ण नाव, तांबट, कसबा पेठ, एवढ्यात ती ओळ भरत होती. विश्वस्तांनी अंग काढून घेतलं, परवानगीचं खातं तुमचं, तुम्ही ठरवा. ते ठरवणार कसले? ते मला विचारायला आले.

चहाची वेळ होती. ऑफिसात सगळे बसलेले. ग्रंथपाल बाई, हिशेबनीस, एक विश्वस्तसुद्धा. या माणसाने सगळ्यांसमोर, माझ्या टेबलापाशी उभं राहून, अगदी सरळ विचारलं, "एकच ओळ आहे. ती तुमची आहे. तांबटांना देऊ का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे स्वतःच म्हणतील, की तुमच्यावर अन्याय होतोय, आपण दुसरा मार्ग काढू. निदान विश्वस्त म्हणतील. कोणी काही बोललं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "द्या की. त्यात विचारायचं काय एवढं?"

"नक्की?"

"नक्की."

पुण्यातल्या कोणत्याही माणसाला कळलं असतं. माझा आवाज, माझं तोंड, तो आपटलेला कप. ग्रंथपाल बाईंना कळलं, त्यांनी मान खाली घातली. यांनी खिशातून पेन काढलं, अर्जावर लिहिलं, 'छायाचित्रकारांचा होकार आहे,' आणि मला म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे."

उद्घाटनाला कंपनीने बस पाठवली. तांबटांचं सगळं घर आलं होतं, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. घंगाळ दोन मजले उंच, एकेक ठोका परातीएवढा. म्हाताऱ्यांनी पट्टीवरचं आज्याचं नाव हाताने चाचपून बघितलं आणि तिथेच खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तांबटांनी आणलेली शाल आमच्या गृहस्थांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला, आणि कंपनीतली ती मुलगी धावत माझ्याकडे आली, "सर, तुमच्याकडे कॅमेरा आहे ना? एक फोटो घ्या ना प्लीज."

माझ्या फोटोसमोर दुसऱ्याचा सत्कार, आणि त्याचा फोटो काढायला मी. काढला. चांगला आला. जळफळाट काय असतो हे मला त्या दिवशी नीट कळलं.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मनात नव्हतं तर नाही म्हणायचं होतंत. त्यांनी विचारलं तर होतं."

"त्यांना समजायला नको?"

"कसं समजणार? तुम्ही हो म्हणालात."

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत राहिलो. त्यांना त्यातलं काही जाणवलं असावं असं मला वाटत नाही. मग दिवस पालटले. डिजिटल कॅमेरे आले, माझी डार्करूम बंद होऊन तिथे झेरॉक्सचं मशीन आलं. मग फोनलाच कॅमेरे आले आणि लोक विचारायचे थांबले. नव्या संचालकांनी ती खिडकी बंद केली आणि मनाईचा बोर्ड काढून 'फोटो काढा, शेअर करा' असा लावला. तोवर ते निवृत्त झाले होते. मीही लवकरच बाहेर पडलो. एकदा ते घरी आले. मी आतूनच बायकोला खूण केली, नाही म्हणून सांग. माझ्या चपला दारात होत्या, मला खोकलाही आला होता. ती म्हणाली, "घरात नाहीत." ते म्हणाले, "बरं," आणि जिना उतरून गेले. त्यानंतर बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग एक दिवस त्यांचं जोडकार्ड आलं. त्यांनी जमवलेल्या कारागिरांच्या हकिगतींचं एक लहानसं पुस्तक निघत होतं. अक्षर कापरं झालं होतं. 'आपण काढलेला घंगाळाचा फोटो पुस्तकात घेऊ का? सोबतच्या कार्डावर होय किंवा नाही कळवावे.'

फोटो संस्थेचा होता. संस्थेने त्यांना एका फोनवर दिला असता. माझ्याकडे यायचं कारणच नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ते कार्ड पाच दिवस टेबलावर पडून होतं. सहाव्या दिवशी मी त्यावर 'नाही' लिहिलं आणि पेटीत टाकलं.

खरं सांगतो, मला नाही म्हणायचंच नव्हतं. माझा हिशेब असा, की नाही वाचून ते येतील. बसतील, म्हणतील, असं काय करता, तुमच्या फोटोशिवाय पुस्तक पुरं कसं होईल? मग मी थोडं ताणीन, सगळी मळमळ ओकून टाकीन, आणि मग हो म्हणीन. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पंधरा दिवस दारावर टकटक झाली की मी शर्ट नीट करायचो. अकरा वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस कसा आहे हे विसरून मी वाट बघत बसलो होतो.

तीन महिन्यांनी पुस्तक टपालाने आलं. बायकोने फोडलं. उलटता उलटता थांबली आणि माझ्यापुढे धरलं. पानावर एक काळी चौकट होती आणि आत काही नव्हतं. खाली छापलं होतं, 'येथे घंगाळाचे छायाचित्र यावयाचे होते. छायाचित्रकाराने परवानगी दिली नसल्याने जागा मोकळी सोडली आहे.' आणि त्याखाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक टायपात. छापलेलं माझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. समोरच्या पानावर त्यांनी तो फोटो शब्दांत लिहिला होता. ऊन कुठून येतं, किती तिरपं येतं, काठापाशी कसं विरतं, आणि ते तसं यायला फोटो काढणारा तीन दिवस कसा थांबला. मी थांबलो होतो हे त्यांनी कधी बघितलं कोण जाणे. मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मी फोन केला. त्यांनीच उचलला.

"फोटो संस्थेचा होता," मी नमस्कार न करताच म्हटलं. "मला विचारायची काही गरज नव्हती."

"कायद्याने नव्हती."

"मग कशाला विचारलंत?"

"काढला तुम्ही होता ना."

मग एकदम बोलून गेलो, "मी नाही लिहिलं ते रागाने लिहिलं. तुम्ही याल, दोन शब्द बोलाल, असं वाटलं होतं मला."

"तसं काही लिहिलं नव्हतंत तुम्ही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला गोंधळलेला वाटला. मग म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा."

"त्या कंपनीच्या वेळी तुम्ही ती ओळ द्या म्हणालात. ते तरी खरं होतं ना?"

बायको पुस्तक हातात धरून समोर उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कितीतरी वर्षं तयार होतं. एकेक शब्द घासून ठेवलेला होता.

"खरं होतं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी ते खरं धरलं.